मेणात ठेवलेले पाहुणे

जळगाव जामोदच्या त्या लॅबमध्ये मी मदतनीस म्हणून पहिल्या दिवशी गेले तेव्हा वैशाख होता आणि पंखा बंद होता. बिघडलाय की काय म्हणून मी बटण दाबून पाहिलं. आतल्या खोलीतून आरोळी आली, "पाहुणा उडाला ना, माय!"

मी घाबरून आत धावले. एक उंच, पोक आलेला माणूस भिंतीला नाक लावून उभा होता. भिंतीवर मेणाची एक पट्टी चिकटली होती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि तो ती बारीक ब्रशने सोडवत होता. त्यात दहा मिनिटं गेली. पट्टी कोमट पाण्याच्या ताटलीत तरंगायला लागली तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नवीन आहेस. पहिला खून माफ. पंख्याले हात लावायचा नाही."

ते आमचे डॉक्टर. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काचेवर घ्यायचे, मायक्रोस्कोपखाली पाहायचे आणि रोग कोणता ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. काप उडू नयेत म्हणून पंचेचाळीस अंशांतही पंखा बंद. बाकीच्या पॅथॉलॉजिस्टना असल्या कामाला माणसं असतात. आमचे डॉक्टर काप स्वतः काढत. डाव्या अंगठ्यावर पात्याच्या इतक्या रेघा होत्या की आधारच्या मशीनने त्यांना तीनदा परत पाठवलं होतं.

तुकड्याला ते तुकडा म्हणत नसत. पाहुणा. खामगावचे, मलकापूरचे, शेगावचे सर्जन एसटीतून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बरण्या पाठवायचे. कंडक्टर स्टँडवरून हाक मारायचा, "डॉक्टर, तुमचा पाहुणा आला!" मग डॉक्टर चष्मा सावरत स्वतः जायचे. बरणी दोन्ही हातांत धरून आणायचे. मी एकदा एका हाताने, पिशवीत घालून आणली, तर दिवसभर मला "मॅडम" म्हणाले. रागावले की मी मॅडम, एरवी माय.

टेबलावर एकसारख्या दोन काचेच्या बरण्या असत. एकीवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "खाण्याचे". दुसरीवर, "न खाण्याचे". पहिलीत भाजलेले शेंगदाणे. दुसरीत काय असे ते सांगत नाही. मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता ते हात लांब करून शेंगदाणे घेत, आणि बारा वर्षं मी त्या हाताकडे जीव मुठीत धरून पाहिलं. चूक एकदाही झाली नाही.

पूर्वी ते नागपूरला मेडिकल कॉलेजात शिकवत. नोकरी का सोडली हे मी विचारलं की दर वेळी निराळं उत्तर मिळे. एकदा म्हणाले, "तिथं पंखे फार होते." एकदा म्हणाले, "तिथले पाहुणे कोणाचे आहेत तेच कळत नव्हतं." हे दुसरं उत्तर खरं असावं, असं मला आता वाटतं. डॉक्टर जाऊन दोन वर्षं झाली. आता विचारायची सोय नाही.

हाडाचा पाहुणा आला की मात्र त्यांची थट्टा बंद. हाड कठीण, कापायला पातं चालत नाही. म्हणून ते आधी आम्लात भिजवून मऊ करतात. सगळीकडे तीच रीत. पण आमचे डॉक्टर बरणी उघडून आधी चिमट्याने चाचपडत बसायचे. त्यातल्या त्यात मऊ असलेला दाण्याएवढा भाग निवडून बाजूला काढायचे. तो आम्लाशिवाय मेणात. मग उरलेलं आम्लात.

"कायले दुप्पट काम, सर?" मी विचारलं होतं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. नागपूरला नवे असताना एका माणसाच्या मांडीच्या हाडाचा तुकडा त्यांनी सगळाच्या सगळा कडक आम्लात टाकला आणि मित्राच्या लग्नाला गेले. दोन दिवसांनी आले तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या माणसाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, पुन्हा हाड टोकरावं लागलं. "त्यानं मले काही म्हटलं नाही. मी माफी मागायला गेलो तं तोच म्हणे, होते साहेब. त्याच्या मांडीले दोन टाके होते, माय. एक रोगाचा आन् एक माहा."

नसरीन आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वडनेर भोलजीची. वडील गादीवाले, गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे; शर्टावर, भुवयांवर सुद्धा कापसाचे तंतू. खामगावच्या सर्जनने गुडघ्याखालच्या सुजेतून तुकडा काढला होता. बरणी कंडक्टरच्या हाती द्यायला त्यांचं मन होईना, म्हणून बापलेक दोघंही बरणी घेऊन स्वतः आले. चार महिने सूज होती. आधी वाढीचं दुखणं समजले, मग कोणीतरी चोळून दिलं, मग पट्टा बांधला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. एरवी रिपोर्ट पाकिटात घालून सर्जनकडे जातो, पॅथॉलॉजिस्ट पेशंटचं तोंड पाहत नाही. पण पेशंट स्वतः दारात आला की आमच्याकडे तसं नव्हतं. त्यांनी शटर अर्धं ओढलं, स्टुलं मांडली, मला चहा सांगायला लावला.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "हाडाचा. मुंबईले जा लागते. उद्या नाही, आज. नांदुऱ्यावरून गाडी आहे."

अब्बांनी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "साहब, कित्ते टक्के?"

"टक्के माणसाचे नसतात, भाई. टक्के गर्दीचे असतात. ही एक पोरगी आहे."

नसरीन इतका वेळ चहाच्या कपाकडे पाहत होती. तिने मान वर केली. "टांग कापतीन का?"

"मले माहीत नाही, बेटा."

"मरीन का?"

"तेही मले माहीत नाही. मले फक्त येवढं माहीत आहे की आज गेलीस तं उद्यापेक्षा बरं."

त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना हाताने चार पानी पत्र लिहिलं. काचा स्वतः कापसात गुंडाळून अब्बांच्या पिशवीत ठेवल्या. त्या बापलेकांची जीप दिसेनाशी झाल्यावर आत येऊन मायक्रोस्कोपसमोर बसले, पण त्याखाली काच ठेवलेली नव्हती.

नसरीनचा पाय वाचला. गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा आला. वर्षभर औषधं, केस गेले, पुन्हा आले. चालताना ती थोडी डावीकडे झुकते. खाली बसता येत नाही, नमाज खुर्चीवर पढते. बारावी केली आणि गावात स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं, झेरॉक्सचं दुकान टाकलं. उंच स्टुलावर बसते आणि गावातल्या अर्ध्या लोकांचे पासवर्ड तिला पाठ आहेत.

सगळेच वाचत नाहीत. त्याच सुमारास जानेफळचा एक मुलगा होता, सोळा वर्षांचा, गणेश. त्याचा पाहुणाही आमच्याकडेच आला होता. अगदी तसाच रोग, तोच गुडघा, तीच औषधं. तो अडीच वर्षांत गेला. आम्हाला ते सर्जनच्या फोनवरून कळलं. त्याची बरणी एसटीतून आली होती; त्याला किंवा त्याच्या घरच्यांना आम्ही पाहिलेलं नव्हतं.

मग बऱ्याच वर्षांनी एक फोन आला. नागपूरच्या दिवसांतली डॉक्टरांची एक विद्यार्थिनी आता एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होती. हाडाच्या कॅन्सरमध्ये काही जनुकं गप्प केलेली असतात, त्यावरून रोग पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी जुने नमुने हवे होते. पण हाडाचे जुने नमुने जिथेतिथे आम्लात भिजलेले, त्यातला डीएनए तुटलेला. तिला आठवलं की आपले एक सर होते, ते दाण्याएवढा भाग बाजूला ठेवायचे.

डॉक्टरांनी कपाट उघडलं. मेणाचे छोटे ठोकळे, आम्ही त्यांना ब्लॉक म्हणतो, ओळीने लावलेले. त्यांनी हवे ते काढले, टेबलावर मांडले आणि फोनवर म्हणाले, "देतो. पण आधी विचारतो."

"सर, कोणाला? समितीची परवानगी आहे. नावं कुठेच येणार नाहीत. नुसते नंबर."

"ज्यांचे पाहुणे आहेत त्यांले."

"त्यातले काही जण आता नसतील, सर."

"मग त्यांच्या घरी."

पुढचे दोन महिने दर रविवारी आम्ही एसटीने हिंडलो. डॉक्टरांबरोबर एक बाईमाणूस असलेलं बरं, म्हणून मी. माझे यजमान म्हणायचे, तुमचा डॉक्टर येडा हाये. मी म्हणायची, हाव, आहे. आणि डबा भरून निघायची. प्रत्येक घरी डॉक्टर उंबऱ्याबाहेर चप्पल काढत आणि उभ्यानेच सांगत, "तुमची एक वस्तू माह्याजवळ आहे. ती मले एका कामाले पायजे. देता का?" लोक आधी बुचकळ्यात पडत. मग देत. एका घरी नाही म्हणाले. तो ब्लॉक त्यांनी परत कपाटात ठेवला आणि त्या माणसाबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही.

जानेफळला जायचं म्हणजे खामगाव, मेहकर असं बदलत दुपार होते. त्या दिवशी डॉक्टरांच्या हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं भाकरी. गणेशची आई वावरातून वांग्यांचं गाठोडं घेऊन नुकतीच आली होती. नवरा नाही, मोठी मुलगी लग्न होऊन गेलेली. डॉक्टरांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. ती बाई गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"गनेसचं काही उरलं हाये तुमच्यापाशी?"

"हो, माय."

"मले दाखवा."

डॉक्टरांनी डबा उघडला. उन्हाने मेण मऊ पडू नये म्हणून आत बर्फाची पिशवी होती आणि तिच्यावर कापसात तो ब्लॉक. बाईने गाठोडं उतरवलं, हात लुगड्याला पुसले आणि तळहात पुढे केला. पांढऱ्या मेणात गुलबट करडा ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. तिने त्याच्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं.

"थंड काऊन हाये?"

"बर्फात आणला, माय. ऊन आहे ना."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. शेवटी तिने ब्लॉक परत दिला.

"घेऊन जा. दुसऱ्याच्या लेकराले कामी येत असन तं घेऊन जा. पन सगळा खर्चू नका."

परतीच्या बसमध्ये डॉक्टरांनी तो डबा मांडीवर धरला होता. त्या विद्यार्थिनीला त्यांनी बसमधूनच फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "थोडा उरव."

वडनेर भोलजीला नसरीनकडे गेलो तेव्हा दुकानात गर्दी होती. तिने आम्हाला आत बसवलं, अब्बांना बोलावलं, आणि डॉक्टर काय विचारतात ते ऐकून सरळ विचारलं, "मतलब, त्यात काय पाहतीन?"

डॉक्टरांनी शेंगदाण्यासाठी हात लांब केला, मग आपण लॅबमध्ये नाही हे लक्षात येऊन मागे घेतला.

"उभ्या पिकात डवरताना बैलाले मुसकं बांधतात, पाहिलं ना? बैल धडधाकट असते. दात शाबूत, भूक शाबूत. पन तोंडाले जाळी, म्हणून खाता येत नाही. आपल्या अंगात अशी जनुकं असतात की त्यांचं काम राखणीचं. पेशी नको तिथं वाढायला लागली की तिले आवरायचं. आता जनुक मोडलं तं ती एक गोष्ट. पन कधी कधी ते मोडत नाही. जसंच्या तसं असते. त्याच्यावर मिथाईलचे बारीक बारीक ठिपके येऊन चिकटतात आन् त्याचं तोंड बंद होते. त्याले मिथायलेशन म्हणतात. तुह्या त्या तुकड्यात कोणाकोणाच्या तोंडाले मुसकं होतं, ते पाहतीन."

"बांधते कोन?"

"ते माहीत असतं तं मी पंखा लावून बसलो असतो."

नसरीन हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "घ्या. पन एक शर्त हाय. जे निघंल ते मले सांगा लागते. अच्छा निघो, बुरा निघो."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या विद्यार्थिनीने बजावून सांगितलं होतं की हे रिपोर्ट नव्हेत, हे कोणाला सांगायचे नसतात. अब्बा मध्ये बोलायला गेले, तर नसरीनने हात वर केला.

"सांगीन," डॉक्टर म्हणाले.

निकाल यायला दीड वर्ष लागलं. डॉक्टरांनी नंबर स्वतः टाकले होते आणि आपल्या नंबरांचे निकाल आपल्याला कळावेत ही त्यांची अट होती, म्हणून यादी आली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. मला हाक मारली.

"वाच, माय."

नसरीनच्या तुकड्यात ते राखणीचं जनुक पार गप्प होतं, सगळ्या यादीत सर्वांत जास्त. आणि खाली त्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं की ज्यांचं हे जनुक गप्प होतं, त्यांच्यातले बहुतेक वाचले नाहीत.

मी पुढची ओळ पाहिली. गणेशच्या तुकड्यात ते जनुक बोलतं होतं. एकही ठिपका नव्हता म्हणा ना. यादीप्रमाणे तो जगायला हवा होता.

नसरीनचा निकाह पुढच्या महिन्यात ठरला होता. पत्रिका आमच्या टेबलावरच पडली होती, शेंगदाण्याच्या बरणीखाली दाबून ठेवलेली. मुलगा नांदुऱ्याचा, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणारा.

"सर, तुम्ही तिले हे सांगणार नाही," मी म्हटलं.

"हो म्हटलं होतं मी."

"तुम्हीच म्हणता ना, टक्के गर्दीचे असतात? मंग ही गर्दी तिच्या निकाहात कायले घालता? दहा वर्षं झाली, ती चांगली आहे. तुम्हाले तुमचा शब्द महत्त्वाचा का तिची झोप?"

माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते मॅडम म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पंधरा वर्षांची होती तेव्हा तिनं मले तोंडावर विचारलं, मरीन का. त्या वयात. आता पंचवीसची आहे तं मी तिच्यापासून लपवू? तिच्याच हाडातली गोष्ट?"

"आन् तिनं ऐकून लग्न मोडलं तं?"

डॉक्टरांनी यादीची पुन्हा घडी घातली. ते तीन दिवस गेले नाहीत. विद्यार्थिनीला फोन करकरून विचारलं. ती म्हणाली, सर, हा धोका बहुतेक करून पहिल्या काही वर्षांतला असतो. ती त्याच्या पलीकडे गेलीय. आणि हे सगळं गटाबद्दल आहे, एकीबद्दल यातून काहीच म्हणता येत नाही. हेच वाक्य डॉक्टरांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मला वाटतं, ते पाठ करत होते.

चौथ्या दिवशी आम्ही गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नसरीनच्या हातावर अजून मेंदी नव्हती, पण भिंतीवर नवा रंग होता. डॉक्टर स्टुलावर बसले आणि जसं होतं तसं सांगितलं. पाठ केलेलं वाक्यही सांगितलं, पण आधी ते बाकीचं, न गाळता.

नसरीन कीबोर्डवरून बोट फिरवत होती, न दाबता.

"तेव्हा हे माहीत असतं," ती म्हणाली, "तं तुम्ही काय केलं असतं? औषध वेगळं होतं का?"

"नाही. औषध तेच. आजही तेच आहे."

"मंग काय वेगळं झालं असतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुह्या अब्बाशी मी वेगळ्या आवाजात बोललो असतो, बेटा. त्यांले ते कळलं असतं. आन् तुले त्यांच्या तोंडावरून कळलं असतं."

बाहेर एसटी लागली, माणसं उतरली, एक म्हातारा आधार कार्ड घेऊन दारात आला. तिने त्याला थांबायची खूण केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता.

"अच्छा झालं माहीत नव्हतं. आन् अच्छा झालं आता सांगितलं. तुम्ही नसतं सांगितलं आन् मले कळलं असतं, तं मी तुमच्या कोन्त्याच गोष्टीवर भरोसा नसता केला." मग म्हणाली, "त्याले मी सांगतो. तुम्ही नाई. मी."

आम्ही उठलो तेव्हा तिने विचारलं, "डॉक्टरसाहब, ज्यांच्या तोंडाले मुसकं नव्हतं ते सारे वाचले का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "एक पोरगा होता. तो नाही वाचला."

"त्याच्या घरच्यांले सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"विचारता येते हेच त्यांले माहीत नसंल," नसरीन म्हणाली आणि त्या म्हाताऱ्याचं कार्ड घ्यायला वळली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नवऱ्या मुलाला तिने सगळं सांगितलं होतं. तो मोटरचा माणूस. त्याने फक्त विचारलं, आज काही दुरुस्ती करायची आहे का? ती म्हणाली, नाही. मग तो म्हणाला, तं पत्रिका वाटू दे, माह्या मावशीची राहिली आहे. निकाहाला आम्ही दोघंही गेलो. डॉक्टरांनी बिर्याणी दोनदा घेतली आणि अब्बांनी त्यांना मिठी मारली तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाला कापूस चिकटला, तो त्यांनी झटकला नाही.

निकाहानंतरच्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "जानेफळले जाऊ."

या वेळी डबा नव्हता. गणेशची आई अंगणात शेपूच्या जुड्या बांधत होती. डॉक्टर या वेळी उभे राहिले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवरच बसले. पोक आलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं.

"माय, त्या तुकड्याचा निकाल आला. तुम्ही विचारलं नव्हतं. ऐकता का?"

तिने मान हलवली.

"गणेशच्या अंगात राखणीला जे असते ते जागं होतं. शेवटपर्यंत जागं होतं. आमच्या हिशेबानं तो वाचायला पायजे होता. काऊन गेला ते मले माहीत नाही. ज्यांनी तपासलं त्यांलेही माहीत नाही."

तिचे हात जुडीवर थांबले. "मी त्याचा गुडघा चोळत होतो," ती म्हणाली. "दोन महिने. रोज. मोहरीचं तेल लावून. त्या खामगावच्या डॉक्टरनं म्हनलं, चोळलं म्हनून पसरलं. मी म्हनलं मीच…"

मी तिच्याजवळ सरकले.

"माय, इकडे पहा," डॉक्टर म्हणाले. "मी तीस वर्षं हेच पाहून राह्यलो. हा रोग दिसायच्या आधीच रक्तात गेलेला असते. चोळू नये, हे खरं आहे. पन तुमच्या हातानं तो गेला नाही. हे मी लिहून देतो. म्हणाल तिथं सही करतो."

ती रडली. मोठ्याने, शेजारची बाई भिंतीवरून डोकावली इतक्या मोठ्याने. मग पदराने तोंड पुसून, जुड्या बाजूला सारून, एकाएकी गणेशबद्दल बोलायला लागली. तो गेल्यापासून कोणी तिला त्याच्या आजारापलीकडचं काही विचारलंच नव्हतं असं वाटलं. डॉक्टर विचारत गेले आणि ती सांगत गेली. शेपू त्याला आवडत नसे. गणितात हुशार, इतिहासात ढ. बहिणीच्या लग्नात त्याने बँडवाल्याचा ढोल फोडला होता. आणि घरात बसल्याबसल्या, रस्त्यावरून एसटी गेली की नुसत्या हॉर्नवरून डेपो सांगायचा. मेहकरची हाये, चिखलीची हाये. पोरं धावत जाऊन पाटी पाहून यायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

"बहुतेक म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"रिसोडवाली त्याले जमे ना," ती म्हणाली, आणि रडून सुजलेल्या तोंडाने हसली.

आमची चारची गाडी गेली. पाचची पण गेली. बसमध्ये बसल्यावर डॉक्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या पोराले गुडघा म्हणूनच ओळखत होतो, माय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेले तेव्हा ते माझ्याआधी आले होते. जुनं रजिस्टर काढून बसले होते. त्या वर्षाचं पान उघडं होतं. गणेशच्या ओळीत नंबर, वय, पुरुष, डावा गुडघा आणि रोगाचं लांबलचक नाव, हे सगळं माझ्याच अक्षरात. त्यापुढे शेरा लिहायला एक रकाना असतो, आमच्याकडे तो कायम कोरा राहायचा. डॉक्टरांनी त्यात अंगठ्याने कागद दाबून धरत, सावकाश, गोल अक्षरात लिहिलं होतं, "हॉर्नवरून डेपो ओळखायचा. रिसोड सोडून."